विलायती चांदीची पारख

आपल्याकडे चांदी म्हटली की डोळ्यांपुढे उभी राहते ती देवघरातली चांदी. निरांजन, ताम्हन, पळी-पंचपात्र, अत्तरदाणी, गुलाबदाणी. फार तर जावयासाठी काढून ठेवलेले ताट आणि वाटी. जेवायला आपल्याला चमचा फारसा लागत नाही आणि काटा तर मुळीच लागत नाही. पाच बोटांची सोय देवानेच करून ठेवली आहे. त्यामुळे चमच्यासारख्या क्षुल्लक वस्तूभोवती इंग्रजांनी सातशे वर्षे कायदा, कर, कारागिरी आणि लबाडी यांचा केवढा पसारा मांडून ठेवला, याची आपल्याला सहसा कल्पना नसते. त्या पसाऱ्याची थोडीशी ओळख आज करून घ्यावयाची आहे.

ही ओळख केवळ हौसेची नव्हे. १९४७ साली साहेब गेले, पण त्यांचे सगळेच सामान गेले नाही. क्लबांतून, संस्थानिकांच्या वाड्यांतून, लिलावांतून चांदीचे चमचे, काटे, पळ्या, चिमटे आपल्याकडच्या घरांत शिरले. मुंबईच्या चोरबाजारात ते आजही पाहावयास मिळतात. अशा वस्तू हाताळताना लोक दोन चुका करतात. कोणी मुलामा दिलेला चमचा चांदीचा म्हणून घेतो. आणि कोणी खरा, दोनशे वर्षांचा चमचा सराफाकडे नेऊन मोडीच्या भावाने तोलून देतो आणि तो मुशीत जातो. पहिली चूक खिशाला लागते, पण खिसा पुन्हा भरता येतो. मुशीतून तो चमचा मात्र परत काढता येत नाही.

प्रथम 'स्टर्लिंग' म्हणजे काय ते पाहू. शुद्ध चांदी मऊ असते. तिचा चमचा केला तर घट्ट खिरीतच वाकेल. म्हणून तिच्यात थोडे तांबे घालतात. इंग्लंडातील मोजणीने बारा औंसांच्या पौंडात अकरा औंस आणि दोन पेनीवेट शुद्ध चांदी असेल तर ती स्टर्लिंग. आपल्या भाषेत सांगावयाचे तर चाळीस तोळ्यांत सदतीस तोळे चांदी आणि तीन तोळे तांबे, म्हणजे हजारांत ९२५ भाग. कंपनी सरकारने १८३५ साली पाडलेला रुपया बारा भागांत अकरा भाग चांदीचा, म्हणजे हजारांत ९१६ भागांहून किंचित अधिक होता. आजीच्या पेटीतला राणीछाप रुपया आणि लंडनचा चमचा यांच्या कसात म्हणजे अगदी थोडे अंतर आहे. दिसण्यावरून ते कोणालाच ओळखता यायचे नाही. आणि म्हणूनच ठशांची गरज पडली.

१३०० साली राजा पहिला एडवर्ड याने कायदा केला की, तपासून बिबट्याच्या मुखाची छाप उठवल्याखेरीज चांदीची वस्तू कारागिराच्या हातून बाहेर पडू नये. १३६३ पासून कारागिराची स्वतःची खूण आवश्यक झाली. १४७८ साली लंडनच्या कारागीर मंडळाच्या सभागृहातच माल आणून तपासण्याची पद्धत सुरू झाली आणि त्या 'हॉल'वरून 'हॉलमार्क' हा शब्द आला. त्याच वेळी दरवर्षी बदलणारे एक अक्षर ठशांत सामील झाले. पुढे शतकांनंतर संग्राहकांना वय कळावे म्हणून कोणी हे केले नव्हते! कमी कसाचा माल पास झालाच, तर त्या वर्षी तपासणीवर कोण होता त्याला धरता यावे, एवढाच त्यातला हेतू होता. १५४४ पासून चालत्या सिंहाची छाप आली. तो सिंह, एक पंजा उचलून डावीकडे निघालेला, इंग्लंडच्या स्टर्लिंग चांदीची सर्वांत ओळखीची खूण होय.

तपासणीची रीतही ऐकण्यासारखी आहे. वस्तूच्या अंगावरून चिमूटभर कीस खरवडून तो तोलत, शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या लहानशा मुशीत तापवीत. शिसे आणि तांबे राखेत जिरून जात व मागे निखळ चांदीचा मणी उरे. तो पुन्हा तोलला की कस हातात आला. आपल्या सराफाच्या कसोटीच्या दगडापेक्षा हे काम सावकाशीचे, पण बिनचूक. माल कमी कसाचा निघाला तर तो तिथेच ठोकून मोडीत.

आता एक चमचा हातात घेतला आहे असे समजू. दांडीच्या मागच्या बाजूस एका ओळीत पाच लहान छापा आहेत: चालता सिंह, डोक्यावर मुकुट असलेले बिबट्याचे मुख, राजाचे मुख, रोमन वळणाचे मोठ्या लिपीतले 'ई' हे अक्षर आणि दोन आद्याक्षरे. सिंह सांगतो की चांदी स्टर्लिंग आहे. बिबट्या सांगतो की तपासणी लंडनची आहे. आणि त्याच्या डोक्यावर मुकुट आहे त्या अर्थी १८२१ पूर्वीची, कारण त्या वर्षी मुकुट काढून टाकण्यात आला. राजाचे मुख ही कर भरल्याची पावती. ती १७८४ पासून १८९० पर्यंतच उठवीत. म्हणजे चमचा १७८४ ते १८२१ या काळात आला. लंडनची अक्षरे वीस-वीस वर्षांच्या फेऱ्यांनी चालत. 'ए'पासून 'यू'पर्यंत, मधले 'जे' गाळून. १७७६ ची फेरी लहान लिपीची, १७९६ ची मोठ्या लिपीची, १८१६ ची पुन्हा लहान लिपीची. आपले अक्षर मोठे आहे, म्हणजे फेरी १७९६ ची. 'ई' पाचवे, म्हणून साल १८००. अक्षर मे महिन्यात बदले, त्यामुळे काटेकोर माणूस १८००-१८०१ असे म्हणेल. आमच्या पेशवाईत नाना फडणवीस गेले त्या वर्षाचा चमचा हातात आहे, हे पाच छापांनी मिनिटभरात सांगितले. इतका बोलका दस्तऐवज कागदाचासुद्धा विरळा.

बिबट्याच्या जागी नांगर दिसला तर तपासणी बर्मिंगहॅमची, मुकुट दिसला तर शेफील्डची. या दोन्ही गावांना तपासणीचे कार्यालय मिळाले ते १७७३ साली. त्यापूर्वी बर्मिंगहॅमच्या कारखानदारांना माल चेस्टरला पाठवावा लागे, आणि खाचखळग्यांच्या रस्त्यांवरून तो परत येईपर्यंत त्याचे काय होई ते न सांगितलेलेच बरे. वाफेच्या एंजिनामुळे जेम्स वॉटच्या जोडीने ज्याचे नाव आपण शाळेत वाचतो, त्या मॅथ्यू बोल्टनने यासाठी पार्लमेंटात खटपट केली. लंडनमध्ये ही मंडळी 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खाणावळीत जमत आणि त्या पाटीवरूनच एका गावाने मुकुट व दुसऱ्याने नांगर घेतला, अशी दंतकथा आहे. नाणे उडवून वाटणी झाली असेही सांगतात! शेफील्डने १९७५ मध्ये मुकुट सोडून गुलाब घेतला. एडिंबरोचा किल्ला आणि डब्लिनची मुकुटधारी वीणा याही लक्षात ठेवण्याजोग्या. एक्झेटर, न्यूकॅसल, चेस्टर, ग्लासगो येथील कार्यालये केव्हाच बंद झाली, आणि म्हणूनच त्यांच्या छापांना संग्राहक अधिक दाम मोजतात.

१६९७ ते १७२० या काळातील मालावर सिंह व बिबट्या दिसत नाहीत. त्यांच्याऐवजी बसलेली ब्रिटानिया आणि मानेपासून तोडलेले सिंहाचे शिर दिसते. नाणी व भांडी एकाच कसाची असल्यामुळे लोक नाण्यांच्या कडा कातरून, नाणी आटवून त्यांची भांडी करू लागले होते. तेव्हा सरकारने भांड्यांचा कस वाढवून हजारांत ९५८ केला, म्हणजे नुसते नाणे आटवून काम भागेना. सरकार आणि सोनार यांच्यातली ही कुस्ती सगळ्या देशांत सारखीच.

मुलाम्याचा माल ओळखण्याचा पहिला नियम सोपा आहे: चालता सिंह नाही, तर संशय घ्या. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० साली विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याचे पेटंट घेतले आणि बाजाराचे रूपच पालटले. 'ई.पी.एन.एस.' ही अक्षरे असलेला चमचा म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने दिलेला मुलामा. निकेल सिल्व्हर, ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो, त्यात तांबे, जस्त आणि निकेल असते. चांदीचा त्यात कणही नसतो. नावाने किती माणसे फसली असतील! शिवाय मुलामेवाले आपली अक्षरे ढालीढालींत, ओळीने अशी उठवीत की घाईच्या डोळ्याला ती हॉलमार्कच वाटावीत. 'ए वन' हा मुलाम्याच्या जाडीचा दर्जा आहे, कसाचा नव्हे. जर्मन चमच्यावर ९० आकडा असेल तर डझनभर चमचे आणि डझनभर काटे यांना मिळून नव्वद ग्रॅम चांदी लागली, एवढाच त्याचा अर्थ. उलट ८०० हा आकडा आणि शेजारी चंद्रकोर व मुकुट असतील, तर ती १८८८ नंतरची खरी जर्मन चांदी, हजारांत ८०० भागांची. अमेरिकेत इंग्लंडासारखी देशव्यापी तपासणीची व्यवस्था नव्हती. तिथे टिफनी, गोरहम यांसारखे कारखानदार स्वतःच 'स्टर्लिंग' हा शब्द पुरा लिहीत. म्हणून पुरा शब्द दिसला तर दृष्टी अमेरिकेकडे वळवावी.

एक मुलामा मात्र आदराने पाहण्यासारखा आहे. शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हरने १७४३ च्या सुमारास तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून कायमचा जोडण्याची युक्ती काढली. हा जुना शेफील्ड माल झिजला की कडांवरून तांब्याची लाली डोकावते. लोक त्याला पुन्हा विजेचा मुलामा देऊन चकचकीत करतात आणि होती तेवढी किंमतही घालवतात.

ठसे वाचता आले म्हणजे पारख संपली असे नाही. आकार पाहण्यास शिकले पाहिजे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या चमच्याच्या दांडीचे टोक वर, आपल्याकडे वळलेले असते आणि वाटीच्या पाठीवर दांडीपासून निघालेली एक बारीक शीर उतरते. तिला इंग्रज उंदराची शेपटी म्हणतात. त्या काळी चमचा मेजावर पालथा ठेवीत. त्यामुळे घराण्याचे चिन्ह दांडीच्या मागच्या बाजूस कोरलेले सापडते. १७६० च्या सुमारास टोक खाली वळले, चमचा उताणा ठेवू लागले आणि चिन्ह पुढच्या बाजूस आले. या दुसऱ्या आकाराला 'ओल्ड इंग्लिश' म्हणतात, आणि आमच्या मते यापेक्षा देखणा चमचा पुन्हा झाला नाही. एक लांब, निमुळती रेषा, आणि बाकी काही नाही. पुढे १८०० नंतर खांदे असलेला 'फिडल' आला आणि मग शिंपले, पानेफुले यांनी लगडलेला 'किंग्ज' आला. किंग्ज पुष्कळांना आवडतो. वजनही भरपूर असते. लग्नाच्या मांडवाला शोभणारी वस्तू रोजच्या पानाला शोभतेच असे नाही, इतकेच आम्ही म्हणू. ठशांची जागाही काळ सांगते: १७८० पूर्वीचे ठसे दांडीवर खाली, वाटीजवळ, अरुंद जागेत चेपलेले असतात, नंतरचे वर, रुंद भागाकडे सरकतात.

काट्याची कथा चमच्याहून पुष्कळ अलीकडची आहे. टॉमस कोर्याट नावाच्या एका विक्षिप्त प्रवाशाने इटलीत लोक काट्याने मांस धरतात हे पाहिले आणि १६११ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात ते लिहिले. स्वतः काटा वापरू लागला म्हणून मित्रांनी त्याची टिंगल केली. हाच कोर्याट पुढे बराचसा पायी चालत हिंदुस्थानात आला, अजमेरला जहांगीर बादशहापुढे उभा राहिला आणि १६१७ साली सुरतेस वारला. इंग्लंडला काट्याची ओळख करून देणारा माणूस हाताने जेवणाऱ्यांच्या देशात येऊन विसावला, यात दैवाची थोडी गंमत आहे खरी.

वाढण्याच्या उपकरणांत तर इंग्रजांच्या कल्पकतेला सीमा नाही. हाडाच्या नळीतला मगज काढण्याची दुतोंडी पन्हळी चमची. मासळी वाढण्याचे जाळीदार पाते. शतावरीचे कोंब धरण्याचा चिमटा. द्राक्षांचे घोस कापण्याची कात्री. चहाशी संबंधित दोन वस्तू आपल्याला विशेष जवळच्या वाटतील. एक, वाटीला नक्षीदार भोके असलेली आणि मागे भाल्यासारखे टोक असलेली चमची: भोकांनी पेल्यावर तरंगणारा चुरा काढावयाचा आणि टोकाने किटलीच्या तोटीत अडकलेली पाने सोडवावयाची. दुसरी, चहाच्या डब्यातली आखूड चमची. चहा इतका महाग की घरची मालकीण डब्याला कुलूप घाली; त्या डब्यात राहण्याइतक्या लहान चमच्या शिंपल्याच्या, पानाच्या, घोडेस्वाराच्या टोपीच्या आकाराच्या घडवीत. मिठाची चमची आतून सोनेरी का, याचे कारण रसायनशास्त्रात आहे. मीठ चांदीला खाते, सोन्याला खात नाही. अंड्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते, म्हणून अंड्याचा चमचाही सोनेरी. आणि फळांच्या सुरीचे पाते चांदीचे, कारण आंबट रसात पोलाद काळवंडून फळाची चव बिघडे.

या कामात स्त्रियाही होत्या. हेस्टर बेटमन या विधवेने १७६१ साली लंडनच्या सभागृहात आपली खूण नोंदविली आणि १७९० पर्यंत मुलांच्या साह्याने कारखाना चालविला. वळणदार 'एच' आणि 'बी' असा तिचा ठसा असलेले चमचे आणि साखरेचे चिमटे आज आवडीने जमविले जातात.

जिथे मागणी तिथे लबाडी. हॉलमार्कची नक्कल करणाऱ्यास अठराव्या शतकात काही काळ देहान्ताची शिक्षा होती, पुढे ती चौदा वर्षांच्या हद्दपारीवर आली. तरी नकला थांबल्या नाहीत. कर वाचविण्यासाठी कारागीर लहानशी वस्तू तपासून घेत, तिचा ठसा असलेला तुकडा कापून मोठ्या भांड्यात डाकाने बसवीत. अशा जागेवर तोंडाची वाफ सोडावी; क्षणभर डाकाची रेघ उठून दिसते. ओतीव नकलेतले ठसे बोथट आणि रवाळ दिसतात. शिवाय डझनभर चमच्यांवर ते केसाच्याही फरकावाचून एकाच जागी असतात. खरा ठसा हाताने ठोकलेला. तो दर चमच्याला थोडा तिरपा, थोडा पुढेमागे असायचाच. जुने काटे दुर्मिळ, म्हणून चमच्याची वाटी कापून दाते पाडलेले काटेही बाजारात येतात. साध्या जॉर्जकालीन चमच्याच्या वाटीत व्हिक्टोरियाच्या काळी द्राक्षे, सफरचंदे ठोकून 'फळांचा चमचा' करण्याची टूम निघाली होती. कित्येकांना तो फार आवडतो. आम्हाला तो जुन्या दगडी मंदिराला तैलरंग फासल्यासारखा वाटतो.

एक खूण डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. दांडीच्या टोकावरून अंगठा फिरवावा. मध्येच पातळ खळगा लागला तर तिथले नाव कोणी तरी खरवडून काढले आहे. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात: कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी दिले ते. इंग्रजही आद्याक्षरे, घराण्याचे चिन्ह कोरीत. नवे गिऱ्हाईक मिळावे म्हणून व्यापारी ती घासून टाकतात, आणि त्याबरोबर चांदीही जाते, माणूसही जातो. जुनी अक्षरे असलेला चमचा बेलाशक घ्यावा.

हिंदुस्थानात घडलेल्या विलायती धाटणीच्या चांदीला हे सगळे नियम लागू पडत नाहीत. इथे त्या काळी तपासणीचे सरकारी सभागृह नव्हते. कलकत्त्याची हॅमिल्टन कंपनी, मद्रासची पी. ऑर अँड सन्स यांचे ठसे हे त्या त्या पेढीचे ठसे. कसाची हमी पेढीच्या नावाची, कायद्याची नव्हे. कच्छचे कारागीर ओमरसी मावजी यांच्या दाट वेलबुट्टीच्या भांड्यांवर 'ओ.एम.' आणि 'भूज' एवढेच असते. सिंह नाही म्हणून अशा वस्तू मुलाम्याच्या समजून टाकणारे लोक आहेत! परदेशी लिलावांत त्यांना आज मोठा मान आहे.

आणि मुशीचा धोका काही काल्पनिक नाही. अमेरिकेतील हंट बंधूंच्या सट्ट्यामुळे जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेला. वर्षापूर्वी तो सहा डॉलरच्या आसपास होता. लोकांनी घरातले चमचे, काटे, पळ्या थैल्यांत भरून नेले आणि जुने कारागीरपण किलोच्या भावाने आटले. २०२५ साली चांदीने तो जुना भावही ओलांडला. जॉर्जकालीन जेवणाचा मोठा चमचा पाच तोळ्यांच्या आसपास भरतो. मोडीचा भाव आणि जुन्या वस्तूचा भाव यांत अंतर जितके कमी, तितकी मूस जवळ. सराफाकडे जाण्यापूर्वी भिंग घेऊन दांडीची पाठ एकदा वाचावी, एवढे तरी आपल्या हातात आहे.

निगेविषयी थोडे सांगून थांबतो. राख, रांगोळी, दंतमंजन यांनी ही चांदी घासू नये. दर दिवाळीला होणाऱ्या त्या घासणीत ठसे आधी पुसट होतात, मग नाहीसे. कोमट साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरे. रबराच्या कड्याने चमच्यांचा जुडगा बांधू नये. रबरातल्या गंधकाने त्यावर काळा पट्टा पडतो. रोज वापरलेली चांदी पेटीतल्या चांदीपेक्षा कमी काळवंडते. सुऱ्यांची मात्र वेगळी काळजी घ्यावी. त्यांच्या मुठी पातळ पत्र्याच्या, आत राळ भरलेल्या असतात. कढत पाण्यात टाकल्या की राळ सुटते आणि पाते मुठीतून हातात येते.